एकतीस नग आणि एक आलमारी

१

शाळेच्या दाराला कुलूप होतं. कुलूप नवं होतं आणि कोणी त्याला छेडल्याची खूण नव्हती. म्हणून शुक्रवारी दुपारी ब्लॉक ऑफिसचा माणूस नुसता खिडकीतून डोकावला. सोमवारी डोंगरझरीच्या नव्या शाळेचं उद्घाटन होतं. सगळं जागच्या जागी आहे एवढं बघायचं आणि परत फिरायचं, असा त्याचा बेत होता.

आत भिंतीवर फळा होता. कोपऱ्यात लोखंडी आलमारी होती. बाकी नुसती जमीन. बाजूच्या खोलीत तर आलमारीही नव्हती. सव्वीस डेस्क-बेंच, दोन टेबलं, तीन खुर्च्या, असे एकतीस नग आदल्या संध्याकाळी इथं उतरले होते. ते बंद कुलपाआडून नाहीसे झाले होते.

तो माणूस तसाच मोटारसायकलवर बसला आणि चार किलोमीटरवरच्या पोलीस चौकीत जाऊन चोरी झाल्याचं सांगून आला.

शनिवारी सकाळी बालाघाटला जिल्हा शिक्षण ऑफिसात दीपिका मॅडमनी मोतीलाल गजभियेला बोलावलं. मोतीलाल ऑफिसचा भांडारपाल. सदतीस वर्षं त्यानं शाळांना बसायच्या टाटपट्ट्या, फळे, घंटा, बादल्या पाठवल्या होत्या. रिटायर व्हायला चार महिने राहिले होते. पावसाळ्यात त्याची बायको ज्योत्स्ना गेली, तेव्हापासून तो ऑफिसात वेळेवर येत होता, वेळेवर जात होता, आणि मधल्या वेळात काय केलं ते कोणी विचारलं तर त्याला पटकन सांगता येत नव्हतं.

"सामान तुमच्या भांडारातून गेलं ना, गजभियेजी?"

"हौ मॅडम. बुधवारी ट्रक भरून दिला."

"आणि पावतीवर ही सही." मॅडमनी कागद पुढं केला. पुष्पलता बागडे, अतिथी शिक्षक, एकतीस नग व एक आलमारी, बरोबर मिळाले. "तुम्ही जा, बघा, लिहून आणा. सोमवारी नऊ वाजता मी तिथंच असेन. तोवर सामान दिसलं नाही तर ही चिठ्ठी देऊन टाकीन."

चिठ्ठी आधीच टाइप झालेली होती. अतिथी शिक्षकाला काढायला चौकशी लागत नाही, एक कागद पुरतो. मोतीलालनं नाव वाचलं आणि त्याला आठवलं, याच बाईचं नाव त्यानं महिन्यापूर्वी दुसऱ्या एका यादीत पाहिलं होतं. पक्क्या नोकरीत घ्यायच्या शिक्षकांच्या यादीत.

"अकरा वर्षं झाली तिले, मॅडम."

"मला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "म्हणूनच तुम्हाला पाठवतेय. नाहीतर पोलीस पुरे होते."

२

परसवाड्यापर्यंत बस होती. पुढं नाल्यावरचा रपटा, म्हणजे बुटका पूल, वाहून गेल्यापासून ट्रक जात नव्हता. सामान असो की माणूस, पवनच्या ट्रॅक्टरवर बसायचं. पवन तिशीतला, तोंडात तंबाखूचा खर्रा, बोलायला मोकळा. मोतीलालच्या पिशवीत रंगाचा डबा, ब्रश आणि आकडे कापलेले पत्रे होते. ते बघून तो हसला.

"बाबूजी, रंगरंगोटीले चालले का चोर पकडाले?"

"नंबर टाकायचे राह्यले होते सामानावर. सापडलं तं टाकून घेईन."

हे खरं होतं आणि मोतीलालला त्याची लाज वाटत होती. भांडारातली वस्तू नंबर पडल्याशिवाय बाहेर जात नाही, हा नियम त्यानं सदतीस वर्षं पाळला. या वेळी उद्घाटनाची घाई होती आणि त्याचं लक्ष नव्हतं. नंतर टाकू म्हणून त्यानं एकतीस नग कोरेच चढवले.

"गुरुवारी सामान तूच नेलं?"

"दोन खेपा. पहिलीत डेस्क, दुसरीत बाकी. मॅडमनं सही केली, मी खाली ट्रॅक्टर घेऊन आलो. माझ्यावर शक आहे का तुमचा?"

"सगळ्यावर आहे."

"मग चौकीचं रजिस्टर पाहा ना. सायकल गेली तरी लिहितेत थे लोक."

"उतरवायले कोण होतं?"

"आखं गाव. माणसं उचलत होते, बाया मजा पाहत होत्या. ते खिचडी रांधते ना शाळेत, शेवंताबाई, ते तं बोटावर मोजत होती. म्हणे, पवन, आलमारी सोडून किती झाले? मी म्हटलं, मावशी, तुले काय करायचं? दुकान टाकतं का?"

मोतीलाल हसला नाही. स्वयंपाकीण बाईनं सामान मोजावं यात नवल नव्हतं. गावात नवी वस्तू आली की सगळेच मोजतात. पण आलमारी सोडून का मोजावं, हे त्याला कळलं नाही.

चौकीवर त्यानं रजिस्टर मागितलं. गुरुवारी पवनचा ट्रॅक्टर दोनदा भरून वर, दोनदा रिकामा खाली. शुक्रवारी सकाळी पुष्पलता मॅडम मीटिंगसाठी बालाघाटला, पायी आणि मग बसनं. दुपारी ब्लॉकच्या माणसाची मोटारसायकल. एक दूधवाला. एवढंच. डोंगरझरीला रस्ता हा एकच. बाकी तिन्ही अंगांनी डोंगर आणि साग.

चौकीचा साहेब शेजारी उभा होता. तरुण होता आणि दमलेला दिसत होता. "एकतीस फर्निचर डोक्यावर घेऊन जंगलातून कोणी जाणार नाही, बाबूजी. आणि गाडी गेलेली नाही. उद्या संध्याकाळी माझे बारा जवान तिथं मुक्कामाला जाताहेत, उद्घाटनाचा बंदोबस्त. त्याआधी सांगा. नाहीतर मी घरं उघडून बघायला लागेन आणि ते मला आवडत नाही."

सामान गावात आलं होतं. गावातून गेलं नव्हतं. आणि गावात शाळेखेरीज एकतीस नग मावतील अशी जागाच नव्हती.

३

अकरा वर्षांपूर्वी याच जागी जुनी शाळा होती. जंगलात दादा लोकांचे, म्हणजे नक्षलवाद्यांचे, दिवस होते. फौज आली, दोन दिवस राहू म्हणाली आणि शाळेत चार महिने राहिली. ती गेल्यावर महिन्याच्या आत दादा लोकांनी एका पहाटे शाळा उडवून दिली, पुन्हा कोणाला तिथं राहता येऊ नये म्हणून. त्यानंतर डोंगरझरीची पोरं गोठ्यात शिकली. आता जंगल शांत झालं म्हणतात. सरकारनं नव्या खोल्या बांधल्या.

पुष्पलता बागडे ओट्यावर उभी होती. चाळिशीची, बारीक, सुती साडी. मोतीलालला बघून तिनं नमस्कार केला आणि न विचारता किल्ली पुढं केली.

"कुलूप तुम्ही पाठवलेलंच आहे, बाबूजी. किल्ली माझ्या पर्समध्ये असते. शुक्रवारी बालाघाटलाही माझ्याजवळच होती."

कुलूप त्याच्याच खोक्यातलं होतं. दोन पाठवली होती, एक शाळेला, एक रांधणखोलीला. मोतीलाल आत गेला. नवं सिमेंट, भिंतीला चुन्याचा वास. ओढल्याची एक रेघ नाही, कुठं पायाचा ठसा नाही. जमीन झाडलेली होती. नीट, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. चोर येतो, उचलतो, पळतो. झाडून जाणारा चोर त्यानं पाहिला नव्हता.

तो आलमारीपाशी थांबला. लोखंडाची, सगळ्यात भारी. भंगारवाल्याकडं नेली तर हिच्याइतकं मोल दुसऱ्या कशाला नव्हतं. चौघं जण तिला सहज उचलतील.

"हे काहून सोडलं असंन?" तो म्हणाला.

पुष्पलता जमिनीकडं बघत होती.

"काल तुम्ही परत आल्या तेव्हा काय पाहिलं?"

"हेच. रिकामी खोली."

"कोणावर शक?"

"कोणावरच नाही." ती लगेच म्हणाली. "सही मी केली. सामान माझ्या ताब्यात होतं. तुम्ही लिहा तसं. मी अंगठा नाही लावला, वाचून सही केली."

"मॅडम, उद्याचा एक दिवस आहे. सोमवारी तुमच्या हातात चिठ्ठी पडंल. पक्क्या नोकरीच्या यादीत नाव आहे तुमचं, मी स्वतः पाहिलं."

"कितव्या नंबरावर?"

"सातव्या."

तिनं पदरानं खिडकीची कड पुसली. ती आधीच साफ होती.

गावात तो कोटवाराकडं गेला. बाबूलाल कोटवार म्हणजे गावचा चौकीदार. त्यानं अंगणात खाट टाकली, पाणी दिलं आणि शुक्रवारी आपण धानाच्या खळ्यावर होतो हे तीनदा सांगितलं. त्याच्या घराचं दार इतकं बुटकं होतं की त्याची म्हातारी आईसुद्धा वाकून बाहेर आली. दार तिनं मागं ओढून घेतलं आणि साखळी लावली.

"चोरी झाली तं बोंब मारली असंन ना कोणी?" मोतीलालनं विचारलं.

"कोण मारंन?" बाबूलाल म्हणाला. "दिवसाची वेळ. सगळे आपल्या कामात."

"दिवसाची होती, हे तुले कसं माहीत?"

बाबूलालनं विडी पेटवायला घेतली. तीन काड्या विझल्या.

परत जाताना ट्रॅक्टरवर मोतीलालच्या ध्यानात एक गोष्ट पक्की झाली. कोटवाराला माहीत होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, पुष्पलताबाईला सामान सापडायला नको होतं.

४

रात्र त्यानं परसवाड्याला नातेवाइकाकडं काढली आणि रविवारी उजाडताच पुन्हा वर गेला. धुकं होतं. जानेवारीचं पाणी हाताला लावलं तर हाड दुखत होतं. तो सरळ शेवंताबाईच्या घरी गेला. तिचा नवरा वसंता चुलीसाठी लाकडं फोडत होता. याच माणसाच्या गोठ्यात अकरा वर्षं शाळा भरली होती.

"बसा भाऊ," शेवंताबाई म्हणाली आणि अंगणात खाट ओढली.

घरातून चुलीचा धूर येत होता. आत ऊब होती. असल्या थंडीत पाहुण्याला चुलीपाशी बसवतात. त्याची स्वतःची आजी अनोळखी माणसालाही आत घ्यायची. इथं चहासुद्धा बाहेर आला, वाफ निघून गेलेला.

"आत बसू का, बाई? थंडी वाजून राह्यली."

"आत पसारा आहे," शेवंताबाई म्हणाली.

"पसाऱ्याले मी नाही भीत. घरी एकटाच राहतो."

"काहून? घरचे कुठं गेले?"

"बायको वारली. पावसाळ्यात."

शेवंताबाई खाटेच्या पायाशी बसली. "काय झालतं?"

"पोटाचं. नागपूरले नेलतं. उशीर झालता."

वसंतानं कुऱ्हाड खाली ठेवली. शेवंताबाई उठली. तिनं आत जाऊन दुसरा चहा आणला, या वेळी गरम. पण दार पुन्हा ओढून घेतलं.

मोतीलालची नजर ओट्याच्या कडेला गेली. तिथं एक मोठं पितळी गंज पालथं घातलं होतं. पन्नास माणसांचा भात शिजेल एवढं. इतक्या लहान घरात हे कशाला? काठावर छिन्नीनं आकडा कोरला होता: चौदा.

"हे तुमचं?"

"आमचं कुठलं? गावाचं. लग्न, तेरवी असली की लागते." वसंताला बोलायला विषय मिळाल्यानं बरं वाटलं. "चौतीस घरं आहेत. प्रत्येक घरी एक भांडं. कोणाकडं कढई, कोणाकडं परात. ज्याचं घर त्याची जबाबदारी. कार्य असलं की सगळे घेऊन येतात."

"एका जागी काहून नाही ठेवत? एक खोली, एक कुलूप."

"एका जागी ठेवलं तं एकदाच जाते," वसंता म्हणाला. "आमचे बाप-आजे..."

शेवंताबाईनं नवऱ्याकडं असं बघितलं की तो मधेच थांबला. पण बोलणं झालं होतं.

मोतीलालनं चहा संपवला. कप खाली ठेवला. "बाई, रांधणखोलीची किल्ली द्या थोडी."

"ते कायले? तिथं तं नुसतं तांदूळ आहे."

"कुलूप मीच पाठवलं. पाहून घेतो बरोबर आहे का."

तिनं कमरेची किल्ली काढून दिली. ती घेऊन मोतीलाल शाळेच्या ओट्यावर चढला. पुष्पलता तिथंच होती. त्यानं तिची किल्ली मागितली नाही. रांधणखोलीची किल्ली शाळेच्या कुलपात घातली आणि फिरवली.

कुलूप उघडलं.

५

"एका खोक्यातली कुलपं," मोतीलाल म्हणाला. "स्वस्तातला माल असला की दहात दोन तरी एकाच किल्लीनं उघडतात. आधी मी प्रत्येक कुलूप दुसऱ्याच्या किल्लीनं पाहत होतो, मग पाठवत होतो. या वेळी नाही पाह्यलं. ते माझी चूक."

पुष्पलता दाराला टेकली. शेवंताबाई त्याच्या मागोमाग आली होती, तिच्यामागं वसंता. बाबूलालही कुठूनसा आला. मोतीलाल पायरीवर बसला, कारण उभं राहून त्याचे गुडघे दुखत होते.

"मी सांगतो, चुकलं तं थांबवा. सामान गावाबाहेर गेलं नाही, चौकीत लिहिलं आहे. गावात ते ठेवायले एक जागा नाही. म्हणजे एका जागी नाही. चौतीस घरं, एकतीस नग. शेवंताबाईनं गुरुवारीच बोटावर मोजलं, आलमारी सोडून. काहून सोडून? कारण आलमारी तुमच्या कोणाच्याच दारातून आत जात नाही. चोरानं आलमारी आधी नेली असती. तुम्ही तेवढीच ठेवली. शुक्रवारी मॅडम मीटिंगले गेल्या. सकाळी दोघा-दोघांनी एकेक नग उचलला, घरी नेला. आणि मग कोणीतरी झाडून घेतलं. कालपासून मले एकाही घरात कोणी बोलावलं नाही. या थंडीत."

"बोलावलं असतं तं डेस्कावरच बसवा लागलं असतं," वसंता हळूच म्हणाला. "आमच्या घरी तेवढीच जागा उरली आता."

कोणी हसलं नाही, पण शेवंताबाईचं तोंड थोडं सैल झालं.

"मॅडम, तुम्हाले कधी कळलं?"

"शुक्रवारीच, दार उघडल्याबरोबर," पुष्पलता म्हणाली. "झाडलेलं पाहून. शेवंताबाई कोपऱ्यातून सुरू करते आणि शेवटी उंबऱ्यापाशी अर्धा गोल काढते. अकरा वर्षं गोठा तिनंच झाडला."

"मग बोलल्या काहून नाहीत?"

"तोवर चौकीत चोरी लिहून झाली होती, बाबूजी. ज्या घरी डेस्क निघंल ते घर चोराचं. एकतीस घरं. यातल्या किती जणांची नावं आधीच चौकीत आहेत माहीत आहे? कोणी दादा लोकांले भात दिला म्हणून, कोणी फौजेले पाणी दिलं म्हणून. पुन्हा तेच कागद निघतीन. माझी एक नोकरी गेली तं एकच जाते."

शेवंताबाईनं मान वर केली. "कोणाची नोकरी? मॅडमची काहून जाईन?"

"सही त्यांची आहे," मोतीलाल म्हणाला. "उद्या नऊ वाजता चिठ्ठी देणार आहेत."

"पण मॅडमनं तं काहीच नाही केलं."

"म्हणूनच. सामान मिळालं म्हणून सही केली, आणि सामान नाही."

शेवंताबाई मटकन पायरीवर बसली. तिला हे खरंच माहीत नव्हतं. गावात कोणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी सही म्हणजे सामान आलं त्याचा पुरावा, संपलं. तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला. मग ती सांगायला लागली.

"भाऊ, जुन्या शाळेचे बेंच आम्ही बनवलते. सागाचे. वसंताच्या बापानं, सगळ्यानं मिळून. फौज दोन रोजासाठी आली म्हणे. थंडी पडली आणि त्याइनं एकेक बेंच जाळला. आम्ही पाहत राह्यलो. बंदूकवाल्याले काय म्हणान? पोरं तेव्हापासून जमिनीवर. आता पुन्हा फौज येऊन राह्यली, त्याच दिवसात, त्याच थंडीत. आम्ही म्हटलं, मंगळवारी थे गेले की आपण सगळे नग आणून ठेवू. जसे भांडे आणतो तसे. चोरी कुठं केली? तीन घराले तं काहीच नाही भेटलं, थे अजून रागावून आहेत."

"मग आता आणा. आज."

"आणि रात्री थे बारा जण आले, झोपले, शेकोटी पेटवली, मग?" वसंता म्हणाला. "लिहून द्या, फौज शाळेत राहणार नाही. द्या लिहून."

हे मोतीलालला लिहून देता येत नव्हतं. जिल्ह्यात कोणालाच देता येत नव्हतं. त्यानं धुक्याकडं बघितलं. साडेनऊ वाजले होते. जवान चारला निघणार होते.

आणि चोरीचं काय? सामान परत आलं तरी ते कुठून आलं, हे सोमवारी विचारणारच.

६

"ऐका," तो शेवटी म्हणाला. "सरकारी सामानावर नंबर टाकतात. नंबर टाकला, मी सही केली, की सामान शाळेचं. तोवर ते कोणाचं?"

"कोणाचं?" बाबूलालनं विचारलं.

"भांडारपालाचं. माझं. या एकतीस नगांवर नंबर नाहीत. म्हणजे मॅडमची पावती असो की नसो, सामान अजून माझ्या नावावर आहे. आणि माझं सामान मी कुठं ठेवायचं ते मी ठरवतो. मी गावाले सांगितलं, नंबर टाकेपर्यंत घरोघरी सांभाळून ठेवा. तुम्ही ठेवलं."

"पण तुम्ही तं असं सांगितलंच नाही," वसंता म्हणाला.

"आता सांगतो."

पुष्पलता त्याच्याकडं बघत राहिली. "बाबूजी, हे तुमच्या अंगावर येईल."

"अर्धं तं माझंच आहे. नंबर मी नाही टाकले. कुलूप मी नाही पाह्यलं. खोटं फक्त एवढंच, की मी सांगितलं."

"आणि फौज?" शेवंताबाईनं विचारलं.

मोतीलालनं पिशवीतून रंगाचा डबा काढला. "हा ऑइलपेंट आहे. या थंडीत याले सुकायले आखा दिवस लागते, कधी दीड. नुसते नंबर टाकायचे तं एक डबा खूप होते. पण पाय गंजतात लोखंडाचे. पायांवरही हात मारू. खिडक्यांवर मारू. दारावर मारू. पवनले सांगा, परसवाड्याहून असे अजून चार डबे आण."

बाबूलाल पहिला उठला. तो घरी गेला आणि म्हातारीला बाजूला करून एक डेस्क घेऊन बाहेर आला. मागचं टोक त्याच्या सुनेनं धरलं होतं. डेस्कावर हळद सांडल्याचा डाग होता. मग कोणीतरी खुर्ची आणली, डोक्यावर. एका घरातून टेबल निघेना, आत नेताना काढून परत बसवलेले पाय पुन्हा काढावे लागले. ज्या तीन घरांना काही मिळालं नव्हतं, ते लोक आता आलमारी पुसायला लागले आणि आम्हाला पण काम द्या म्हणून भांडले.

मोतीलाल ओट्यावर मांडी घालून बसला आणि आकड्याचा पत्रा टेकवून नंबर टाकत गेला. एक. दोन. तीन. वाकून वाकून पाठ भरली. बारा नंबरला पुष्पलतानं ब्रश मागितला. त्यानं दिला नाही. नंबर त्याच्याच हातचा हवा होता. पाय रंगवायला बायका बसल्या. पाच वाजता शेवटच्या खुर्चीवर एकतीस पडला.

जवान सव्वापाचला आले. चौकीच्या साहेबानं दारातून आत पाहिलं. सगळे नग ओळीनं उभे होते, आलमारीसकट, आणि रंगाच्या वासानं डोळ्यांत पाणी येत होतं. त्यानं चौकटीला बोट लावलं. बोट निळं झालं.

"सामान सापडलं तर."

"हरवलं नव्हतं, साहेब. नंबर टाकायचे होते म्हणून मीच घरोघरी ठेवायले सांगितलं होतं. ब्लॉकवाल्याले माहीत नव्हतं."

साहेबानं बोटाकडं पाहिलं, मग ओट्यावर बसलेल्या बायकांच्या हातांकडं. ते सगळे निळे होते. नंबर टाकायला इतके हात लागत नाहीत, हे त्यालाही कळत होतं.

"काल रजिस्टर बघताना हे बोलला नाहीत."

"विसरलो होतो. वय झालं."

"माझी माणसं कुठं झोपतील?"

"आत तं कोणी नाही झोपू शकत. डोकं चढंल. मैदानात तंबू ठोका. वसंता लाकडं देईन शेकोटीले. फोडून ठेवली आहेत."

साहेबाचे बारा जण थंडीत उभे होते. त्यांना कुठं तरी आडवं व्हायचं होतं, एवढंच. तो वळला आणि मैदानाकडं हात दाखवला.

७

सोमवारी रिबन कापली, नारळ फुटला, भाषणं झाली. दुपारी दीपिका मॅडमनी मोतीलालला ओट्याच्या टोकाला खुर्ची टाकून बसवलं. टाइप केलेली चिठ्ठी त्यांच्या फायलीत होती.

"तुमचा रिपोर्ट वाचला. तोंडी आदेश दिला होता, असं लिहिलंय. कधी?"

"शुक्रवारी सकाळी."

"शुक्रवारी तुम्ही बालाघाटला होता. मी पाहिलं तुम्हाला."

"फोनवर सांगितलं."

"या गावात फोन लागत नाही, गजभियेजी. सकाळपासून मी प्रयत्न करतेय."

मोतीलालनं बोटावरचा निळा रंग नखानं खरवडला. त्याला दुसरं काही सुचलं नाही. खोटं बोलायची सवय नव्हती आणि सुचवायला घरी कोणी उरलं नव्हतं.

"तुम्ही हेच धरून बसलात," मॅडम हळू म्हणाल्या, "तर मला तुमच्यावर लिहावं लागेल. पेन्शनचे कागद चौकशी संपेपर्यंत थांबतील. वर्ष लागेल, दोन लागतील. तुम्ही हे मागं घेतलंत तर मी तिला चिठ्ठी देते आणि पोलीस गावात येतात. दोन्हीतलं एक. आत्ता सांगा."

खोलीतून आवाज आला. दोघांनी खिडकीतून पाहिलं. पुष्पलतानं पोरांना पहिल्यांदा बेंचवर बसवलं होतं. गोठ्यात शिकलेली पोरं ती. सगळीच्या सगळी बेंचवर चढून मांडी घालून बसली होती, आणि पाट्या मांडीवर.

"पाय खाली सोडा," पुष्पलता सांगत होती. "असे. भिऊ नका, पडत नाही कोणी."

एका पोरीनं एक पाय सोडला, हवेत हलवून पाहिला, आणि पुन्हा वर घेतला. पुष्पलता तिच्यासमोर उकिडवी बसली आणि दोन्ही पाय धरून सावकाश खाली सोडले. पाय जमिनीला टेकले नाहीत.

"सामान माझ्या सांगण्यावरून घरोघरी ठेवलं होतं," मोतीलाल म्हणाला. "लिहा, मॅडम."

मॅडमनी फायलीतली चिठ्ठी काढली, दोनदा घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. कोरा कागद त्याच्यापुढं सरकवला. त्यानं त्यावर आपलं नाव, हुद्दा आणि तारीख लिहिली, आत्ता जे तोंडी सांगितलं ते चार ओळींत उतरवलं आणि सही केली. सही त्याची नेहमीसारखीच आली.

साडेतीनची बस गाठायची होती. पवन ट्रॅक्टर चालू करून वाट बघत होता.